बायरनचा ग्रीस, हॉबहाउसचा ग्रीस

इंग्रज कवी लॉर्ड बायरन आणि त्याचा केंब्रिजमधील सहाध्यायी जॉन कॅम हॉबहाउस यांनी १८०९-१० या काळात ग्रीसचा जो प्रवास केला, त्याचा उल्लेख युरोपच्या वाङ्मयेतिहासात आणि ग्रीसच्या राजकीय इतिहासातही होतो. या प्रवासातून बायरनचे ‘चाइल्ड हॅरल्ड’ हे काव्य जन्मले. अवशेषांच्या देशात माणसेही राहतात, याची जाणीव त्या काव्याने युरोपला करून दिली. पुढे चौदा-पंधरा वर्षांनी ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत बायरनचा देह त्याच भूमीवर पडला. हे सारे परिचित आहे. मराठी वाचकाला मात्र या दोन मित्रांपैकी कमी प्रसिद्ध असलेल्याकडे थोडे अधिक लक्ष द्यावे लागते. साताऱ्याच्या छत्रपतींचे भवितव्य पुढे ज्याच्या मेजावर ठरले, तो हाच हॉबहाउस.

प्रवासाला निघाले तेव्हा बायरन २१ वर्षांचा होता, हॉबहाउस २३ वर्षांचा. श्रीमंत इंग्रज तरुणांनी शिक्षण संपल्यावर फ्रान्स आणि इटलीची वारी करावी, असा त्या काळचा शिरस्ता होता. पण नेपोलियनच्या युद्धांमुळे ते मार्ग बंद झाले होते. भूमध्य समुद्रावर मात्र ब्रिटिश आरमाराचा वचक होता, म्हणून पूर्वेकडील तुर्की साम्राज्याची वाट मोकळी होती. त्या साम्राज्यातच ग्रीस सामावलेला होता. ‘ग्रीस’ नावाचे राज्य नकाशावर नव्हते. पाशांच्या अमलाखालचे प्रांत होते, बेटे होती आणि प्राचीन ग्रंथांतून ऐकलेली नावे होती. हॉबहाउसचे वडिलांशी कर्जावरून बिनसले होते, त्यामुळे त्याचाही खर्च बायरननेच उचलला, तोही स्वतः कर्ज काढून. हॉबहाउसने मात्र शंभर लेखण्या, दोन गॅलन शाई आणि कोऱ्या वह्यांची चळत बरोबर घेतल्याची थट्टा बायरनने एका पत्रात केली आहे. परतल्यावर ग्रंथ लिहायचा, हे हॉबहाउसने निघण्यापूर्वीच ठरवले होते.

२ जुलै १८०९ रोजी फाल्मथहून निघालेले जहाज प्रथम लिस्बनला लागले. पोर्तुगालचे राजघराणे त्या वेळी ब्राझीलला निघून गेलेले होते आणि देशात ब्रिटिश सैन्य तळ ठोकून होते. (गोव्यातही १७९९ पासून इंग्रजांच्या पलटणी उतरल्या होत्या, त्या १८१३ पर्यंत हलल्या नाहीत.) बायरनला सिंत्राची हिरवी डोंगरराजी विलक्षण आवडली. तेथून घोड्यांवरून सेव्हिल व कादिझ, मग जिब्राल्टर व माल्टा असे करीत ‘स्पायडर’ या लढाऊ गलबतातून दोघे सप्टेंबरच्या अखेरीस पात्रासमार्गे प्रेव्हेझा बंदरात उतरले.

प्रेव्हेझाजवळ निकोपोलिसचे अवशेष आहेत. इ. स. पू. ३१ मध्ये आक्टियमच्या आरमारी लढाईत अँटनी आणि क्लिओपात्रा यांचा पाडाव केल्यावर ऑगस्टसने विजयाची खूण म्हणून हे नगर वसवले. दोघांनी पाहिलेला ग्रीसमधील हा पहिला मोठा भग्नावशेष, आणि तो ग्रीक वैभवाचा नसून रोमन विजयाचा होता. तटबंदीच्या आत मेंढ्या चरत होत्या.

अली पाशाच्या मुलखात

त्या मुलखाचा धनी होता अली पाशा. नावाला सुलतानाचा सुभेदार, प्रत्यक्षात जवळजवळ स्वतंत्र राजा. त्याची राजधानी यानिना. शहरात शिरताना एका झाडाला टांगलेला माणसाचा हात या पाहुण्यांनी पाहिला आणि हॉबहाउसने तो वहीत नोंदला. त्याच यानिनात ग्रीक विद्वानांच्या उत्तम शाळा होत्या, पुस्तके होती, व्यापारउदीम होता. क्रौर्य आणि विद्या अशी एकाच वेशीच्या आत नांदताना पाहून दोघेही गोंधळले असणार. त्यांच्या लिखाणात तो गोंधळ जागोजाग उमटला आहे.

पाशा लढाईवर गेला होता. त्याने पाहुण्यांना आपल्या जन्मगावी, तेपेलेना येथे बोलावले. हे गाव आज अल्बानियात आहे. वाटेवर झित्सा या गावाजवळ भयंकर वादळाने त्यांना गाठले. हॉबहाउस पुढे निघून मुक्कामी पोचला होता. बायरन, त्याचा नोकर फ्लेचर आणि वाटाडे विजांच्या लखलखाटात नऊ तास रस्ता चुकून भटकत राहिले. फ्लेचर रडकुंडीला आला, वाटाड्यांनी हाय खाल्ली आणि बायरनने मात्र त्या रात्रीवर कविता रचली. दोघांच्या सामानात चार मोठ्या चामडी पेट्या, तीन लहान पेट्या, तीन बिछाने आणि दोन लाकडी खाटा होत्या, हा तपशील हॉबहाउसचा. मागून येणाऱ्या प्रवाशांना उपयोग व्हावा, या हेतूने त्याने तो दिला आहे. कवीच्या वादळापेक्षा ही यादी कमी मोलाची नाही. त्या काळात घोडे, खेचरे, दुभाष्या आणि पाशाचा परवाना यांच्यावाचून ग्रीसमध्ये पाऊल टाकता येत नसे, हे तिच्यावरून नेमके कळते.

ऑक्टोबर १८०९ मध्ये तेपेलेनाच्या वाड्यात अली पाशाने त्यांचे उभे राहून स्वागत केले. बायरनचे लहान कान, कुरळे केस आणि गोरे नाजूक हात यांवरून तो मोठ्या कुळातला असल्याचे आपण ओळखले, असे पाशा म्हणाला. ही स्तुती बायरनने आईला मोठ्या अभिमानाने कळवली. याच मुलखात त्याने तो प्रसिद्ध अल्बानियन पोशाख विकत घेतला, ज्यातले त्याचे चित्र पुढे थॉमस फिलिप्सने रंगवले. यानिनाला परतल्यावर, ३१ ऑक्टोबर रोजी, त्याने ‘चाइल्ड हॅरल्ड’ लिहावयास घेतले. अली पाशाचा शेवट मात्र वाईट झाला. १८२२ साली सुलतानाच्या सैन्याने त्याला यानिनाच्या सरोवरातील बेटावर ठार केले.

समुद्रमार्गे दक्षिणेकडे जाण्याचा बेत वादळाने फसला. पाशाने दिलेले तुर्की गलबत बुडता बुडता वाचले. मग दोघे पहारेकऱ्यांसह डोंगरांतून पायवाटेने मिसोलोंगी या दलदलीच्या काठी वसलेल्या गावी पोचले. नोव्हेंबर १८०९ मधला हा मुक्काम इतका क्षुल्लक होता, की त्याच्याविषयी फारसे कोणी लिहिले नसते.

व्होस्तित्सा आणि डेल्फी

पात्रासहून पुढे कोरिंथच्या आखातालगत व्होस्तित्सा, म्हणजे आजचे एगिओ, येथे त्यांचा मुक्काम तिथल्या तरुण ग्रीक प्रमुखाकडे, आंद्रेआस लोंडोसकडे होता. हा लोंडोस तुर्कांच्या वतीने वसुली पाहणारा, रुबाबदार आणि हसतमुख. एका संध्याकाळी बुद्धिबळाचा डाव चालू असताना रिगास याचे नाव निघाले. रिगास हा ग्रीक स्वातंत्र्याची गीते लिहिणारा कवी. १७९८ साली बेलग्रेडमध्ये तुर्कांनी त्याला ठार केले होते. नाव कानी पडताच लोंडोस ताडकन उठला, त्याने पट उधळून टाकला आणि हात जोडून रडत रडत त्या हुतात्म्याचे नाव पुन्हा पुन्हा घेऊ लागला. हॉबहाउसने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. सबंध प्रवासात अवशेषांखालचे जिवंत माणूस इतक्या स्पष्टपणे त्यांच्यासमोर पुन्हा क्वचितच आले. १८२१ साली बंड पेटले तेव्हा हाच लोंडोस त्याच्या पुढाऱ्यांत होता.

डेल्फीला ते डिसेंबरच्या मध्यावर पोचले. अपोलोचे ते महाक्षेत्र तेव्हा कास्त्री नावाच्या खेड्याखाली गाडलेले होते. मंदिराच्या जागेवर घरे, अंगणे आणि उकिरडे होते. हे खेडे हलवून फ्रेंच पुरातत्त्ववेत्त्यांनी १८९२ पासून उत्खनन केले, तेव्हा आजचे डेल्फी उजेडात आले. म्हणून आज अथेन्सहून बसने तीन-साडेतीन तासांत तिथे जाणारा पर्यटक जे पाहतो, त्यातले फारच थोडे या दोघांना दिसले. कास्तालियाचा झरा, कड्याचा प्रचंड आडवा माथा आणि प्राचीन व्यायामशाळेच्या जागी उभा असलेला एक मठ, एवढेच. मठातील एका प्राचीन खांबावर दोघांनी आपापली नावे कोरली. आज असे करणाऱ्याला पोलीस धरतील. त्या काळच्या सुशिक्षित प्रवाशांना त्यात काही वावगे वाटत नसे.

पार्नासस पर्वताच्या वाटेवर बायरनला आकाशात बारा गरुड दिसले. काव्याच्या देवतेने दिलेला हा शुभशकुन, असे त्याने मानले. हॉबहाउसचे म्हणणे पडले, की ती गिधाडे होती. बायरनने हा मतभेद स्वतःच्या रोजनिशीत नमूद केला आहे, आणि या दोघांच्या मैत्रीचे याहून नेमके वर्णन कोणत्याही चरित्रकाराला करता आलेले नाही. हॉबहाउस नकाशा आणि कंपास घेऊन शिलालेख शोधत हिंडायचा, आणि आपण खेचरावर बसून नुसते डोंगर न्याहाळायचो, असे बायरनने पुढे मित्रांना सांगितले. पुराणवस्तूंच्या पांडित्याचा त्याला मनस्वी कंटाळा होता. तरीही हॉबहाउसचे टिपण नसते, तर ‘चाइल्ड हॅरल्ड’मधल्या प्रवासाचा पत्ता लावणे आज अवघड झाले असते.

अथेन्स

नाताळच्या संध्याकाळी, २५ डिसेंबर १८०९ रोजी, ते अथेन्सला पोचले. ब्रिटिश उपवकिलाची विधवा श्रीमती माक्री हिच्या घरात त्यांनी खोल्या घेतल्या. तिच्या तीन मुलींपैकी धाकटी तेरेसा बायरनच्या एका गीतामुळे साऱ्या युरोपात प्रसिद्ध झाली.

सुमारे दहा हजार वस्तीचे हे गाव तेव्हा सुलतानाच्या जनानखान्याच्या प्रमुख खोजाच्या जहागिरीत मोडत होते. अक्रोपोलिस हा तुर्की किल्ला होता. आत शिबंदीची घरे होती, पार्थेनॉनच्या पोटात एक छोटी मशीद होती आणि किल्लेदाराला चहा-साखरेची भेट दिल्याशिवाय दरवाजा उघडत नसे. पार्थेनॉन बांधले गेले इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळात. मंदिर, मग चर्च, मग मशीद अशा रूपांत ते दोन हजारांहून अधिक वर्षे उभे होते. सप्टेंबर १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याने वेढा घातला असता तुर्कांनी त्यात दारूगोळा साठवला आणि तोफेचा एक गोळा त्यावर पडून मधला भाग उडाला. उरलेल्याची वाट इस्तंबूलमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने लावली. सुलतानाच्या दरबारातून मिळवलेल्या परवानगीचा आधार घेऊन १८०१ पासून त्याच्या माणसांनी भिंतीवरील शिल्पपट्ट आणि मूर्ती उतरवून जहाजांवर चढवल्या. शेजारच्या एरेक्थिऑनमधील सहा दगडी स्त्रीमूर्तींपैकी एकही उचलली गेली, आणि तिच्या जागी विटांचा ओबडधोबड खांब आला. उरलेल्या पाच बहिणी रात्री तिच्यासाठी हुंदके देतात, अशी दंतकथा अथेन्समध्ये रूढ झाली.

एल्गिनचा मुनीम, इटालियन चित्रकार लुसिएरी, या दोघांना गावात रोज भेटत होता. त्याचा प्रतिस्पर्धी फोव्हेल हा फ्रेंच वकील. त्यालाही हीच शिल्पे फ्रान्ससाठी हवी होती. दोघेही विद्वान आणि दोघेही अगत्यशील. चोरीच्या मालावरून दोन राष्ट्रांचे भांडण चालले असताना मालकाला विचारण्याचे कोणाला सुचत नव्हते, कारण मालक कोण हेच कायद्याने ठरलेले नव्हते.

इथे दोन मित्रांचे रस्ते वेगळे झाले. बायरनच्या मते ही उघड लूट होती आणि इंग्रज शिल्पकारांना धडे मिळावेत म्हणून अथेन्स उजाड करण्याचा कोणाला अधिकार नव्हता. ‘चाइल्ड हॅरल्ड’च्या दुसऱ्या सर्गात आणि ‘द कर्स ऑफ मिनर्व्हा’ या उपहासकाव्यात त्याने एल्गिनवर जहरी टीका केली. हॉबहाउसचा विचार निराळा. शिल्पे अथेन्समध्ये राहिली तर तुर्क त्यांचा चुना करतील, लंडनला गेली तर कलावंतांच्या डोळ्यांसमोर राहतील. हा युक्तिवाद ब्रिटिश म्युझियमच्या बाजूने आजही केला जातो, आणि त्या क्षणाच्या परिस्थितीत तो अगदीच पोकळ नव्हता. संगमरवर भाजून चुना करण्याचा प्रकार खरोखर चालत असे.

पण हॉबहाउसचा प्रामाणिकपणा असा, की आपल्याच युक्तिवादाला छेद देणारी गोष्टही त्याने ग्रंथात नोंदवली. ग्रीक लोक कधी स्वतंत्र होऊन आपल्या अवशेषांची निगा राखतील ही कल्पना अथेन्स पाहिलेल्या माणसाच्या मनात येऊच शकत नाही, असे लिहिल्यावर लगेच तो यानिनातील एका विद्वान ग्रीकाचे शब्द देतो. आमच्या पूर्वजांची कामे तुम्ही इंग्रज नेत आहात, ती नीट जपून ठेवा, आम्ही ती परत मागायला येणार आहोत, अशा आशयाचे ते बोलणे होते. हॉबहाउसला ते चमत्कारिक वाटले. ग्रंथ छापला गेला १८१३ साली. एल्गिनचा संग्रह ब्रिटिश संसदेने ३५,००० पौंडांना विकत घेतला १८१६ साली. परत मागण्याची भविष्यवाणी खरेदीच्याही आधी छापून आलेली होती.

बायरनच्या बाबतीतही पूर्ण न्याय करायचा, तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. ग्रीकांना सार्वभौम राज्य मिळेल, यावर त्या वेळी त्याचाही विश्वास नव्हता. काव्याला जोडलेल्या टिपांमध्ये त्याने ते लिहून ठेवले आहे. त्याचा संताप खरा होता, राजकीय दृष्टी अजून तयार व्हायची होती.

जानेवारी १८१० मध्ये दोघे घोड्यांवरून सुनिओनच्या भूशिरावर गेले. पोसायडनच्या मंदिराचे पांढरे खांब समुद्राच्या कड्यावर उभे आहेत आणि त्यांपैकी एकावर बायरनचे नाव कोरलेले दाखवतात. तेथून मॅरेथॉनचे मैदान. इ. स. पू. ४९० मध्ये इथे अथेन्सच्या सैन्याने इराणी फौजेला मागे रेटले, आणि पडलेल्या १९२ अथेनियन वीरांचा मातीचा उंचवटा अजून तिथे आहे. हे सबंध मैदान १६,००० पियास्तरांना, म्हणजे सुमारे ९०० पौंडांना, विकत घेण्याची सूचना बायरनला करण्यात आली. ज्या रणांगणाच्या नावाने आज जगभर शर्यती धावल्या जातात, त्याची किंमत तेव्हा एवढीच होती.

मुंबईच्या सागवानाचे जहाज

मार्चमध्ये अथेन्स सोडून ते स्मर्ना, म्हणजे आजचे इझमीर, येथे गेले. एफेससचे अवशेष त्यांनी पाहिले, पण तेव्हा तिथे उत्खनन झालेले नसल्याने पाहण्याजोगे फार नव्हते. एप्रिलमध्ये ते एका ब्रिटिश फ्रिगेटवर चढले. तिचे नाव ‘साल्सेट’.

हे नाव मुंबईलगतच्या साष्टी बेटाचे. गोव्याच्या सासष्टीशी त्याचे नामसाधर्म्य आहे, हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई गोदीत वाडिया घराण्यातील पारशी जहाजबांधणीकारांनी सागवानात बांधलेली ही युद्धनौका १८०५ साली पाण्यात उतरली होती. ट्रॉयचे मैदान, हेलेस्पाँटची सामुद्रधुनी आणि ईजियन समुद्रातली बेटे बायरन व हॉबहाउस यांनी पाहिली ती मुंबईच्या या सागवानी तक्तपोशीवरून. पुढची कथा याहून विलक्षण आहे. ‘साल्सेट’चा कप्तान वॉल्टर बॅथर्स्ट १८२७ साली नावारिनोच्या लढाईत मारला गेला. ग्रीसच्या स्वातंत्र्याचा निर्णय ज्या लढाईने झाला ती हीच, आणि तिच्यात ब्रिटिश सेनापती कॉड्रिंग्टनची निशाणनौका होती ‘एशिया’. तीही मुंबईच्याच गोदीत, १८२४ साली, बांधलेली.

सुलतानाची परवानगी येईपर्यंत ‘साल्सेट’ दार्दनेल्सच्या तोंडाशी नांगरून पडली होती. त्या दिवसांत बायरन ट्रॉयच्या मैदानात हिंडला. ३ मे १८१० रोजी त्याने जहाजावरील लेफ्टनंट एकनहेड याच्यासह सेस्तोसहून अबिदोसपर्यंत, म्हणजे युरोपातून आशियात, सामुद्रधुनी पोहून पार केली. दंतकथेतला लिअँडर प्रेयसीला भेटण्यासाठी रोज रात्री हे अंतर पोहत असे. रुंदी मैलभराची असली तरी प्रवाहामुळे चारांहून अधिक मैल पोहावे लागले. बायरनला एक तास दहा मिनिटे लागली, एकनहेडला त्याहून पाच मिनिटे कमी. बायरनचा एक पाय जन्मतः अधू होता. जमिनीवर लंगडणारा हा माणूस पाण्यात कोणाच्या मागे नव्हता, आणि या पोहण्याचा अभिमान त्याने आयुष्यभर मिरवला.

इस्तंबूलमध्ये दोन महिने काढून १४ जुलैला ते परतले. १७ जुलै १८१० रोजी ‘साल्सेट’ केआ बेटाच्या बंदरात शिरली. हॉबहाउस इंग्लंडला परत चालला होता, बायरनला ग्रीसमध्येच राहायचे होते. बंदराच्या टोकाला एका दगडी ओट्यावर दोघांनी फुलांचा एक लहानसा गुच्छ वाटून घेतला आणि निरोप घेतला. डोळ्यांत पाणी होते, हे हॉबहाउसने दैनंदिनीत लॅटिनमधून लिहिले. बायरनने आठवडाभरानंतर आईला पत्र लिहिले, त्यात पुन्हा एकटे झाल्याचा आनंद व्यक्त केला. दोन्ही खरे असावे. वर्षभर एकाच खोलीत, एकाच वाटेवर, एकाच पैशावर काढलेल्या मित्रांना हे सांगावे लागत नाही.

बायरनने ग्रीस सोडला एप्रिल १८११ मध्ये, ‘हायड्रा’ नावाच्या जहाजातून. जहाजाच्या पोटात एल्गिनच्या शिल्पांचा एक मोठा साठा होता आणि सहप्रवासी होता लुसिएरी. एल्गिनला शाप देणारे काव्य कवीच्या पेटीत होते.

पुढे काय झाले

मार्च १८१२ मध्ये ‘चाइल्ड हॅरल्ड’चे पहिले दोन सर्ग प्रसिद्ध होऊन बायरन रातोरात गाजला. त्याच काव्याचा १८१८ सालचा चौथा सर्ग त्याने हॉबहाउसला अर्पण केला. १८२१ मध्ये ग्रीकांनी बंड पुकारले, १८२३ मध्ये लंडनला ग्रीक समिती स्थापन झाली आणि संसदेत जाऊन सुधारणावादी म्हणून नावाजलेला हॉबहाउस तिचा एक प्रमुख सभासद झाला. अथेन्सकडे पाहून ज्याला ग्रीक स्वातंत्र्य कल्पनेपलीकडचे वाटले होते, तोच आता त्यासाठी पैसा आणि माणसे जमवीत होता. समितीचा प्रतिनिधी म्हणून बायरन ग्रीसला गेला. जानेवारी १८२४ मध्ये तो पुन्हा त्याच दलदलीच्या मिसोलोंगीत उतरला. लढाई पाहण्याआधीच तापाने आणि वैद्यांनी वारंवार रक्त काढल्याने १९ एप्रिल १८२४ रोजी त्याचा मृत्यू झाला. तो ३६ वर्षांचा होता. जहाजातून आलेला मृतदेह ताब्यात घ्यायला हॉबहाउस स्वतः गेला. त्याआधीच, मे महिन्यात, प्रकाशक मरे याच्या लंडनमधील घरी बायरनच्या आत्मचरित्राचे हस्तलिखित जाळण्यात आले. त्यासाठी सर्वांत अधिक आग्रह धरला तो हॉबहाउसनेच. मित्राच्या लौकिकाची काळजी हे त्याचे कारण. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्याला त्याबद्दल अद्याप क्षमा केलेली नाही.

१८३५ साली हॉबहाउस लंडनच्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष झाला. कंपनी सरकारच्या हिंदुस्थानातील कारभारावर ब्रिटिश मंत्रिमंडळाचा अंकुश ठेवणारे हे पद. १८४१ पर्यंत आणि पुन्हा १८४६ ते १८५२ या काळात ते त्याच्याकडे होते. पहिल्या अफगाण युद्धाचा निर्णय आपलाच होता, हे त्याने पुढे संसदीय समितीपुढे उघड कबूल केले. सप्टेंबर १८३९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले तेही त्याच्याच पहिल्या कारकिर्दीत. महाराजांवर जे आरोप ठेवले गेले त्यांत गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर दों मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रो यांच्याशी संधान बांधून इंग्रजांविरुद्ध फौज आणण्याचा कट केल्याचा आरोप मुख्य होता. महाराजांनी तो अखेरपर्यंत नाकारला आणि पुढच्या अनेक अभ्यासकांनी तो बनावट ठरवला आहे. महाराजांना काशीला पाठवण्यात आले. तिथेच १८४७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले.

महाराजांची कैफियत मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते १८४० मध्ये लंडनला पोचले आणि १८५३ पर्यंत तिथे राहिले. अर्ज, पुस्तिका, सभा, भागधारकांपुढे भाषणे, संसदेत जोसेफ ह्यूमसारख्यांकरवी मांडलेले प्रश्न, असा सारा उद्योग त्यांनी केला. त्यांच्या गाऱ्हाण्यांचा शेवट ज्या दाराशी व्हायचा, ते दार या काळातली बरीच वर्षे हॉबहाउसचे होते. ते उघडले नाही. उलट, गादीवर बसवलेले शहाजी उर्फ आप्पासाहेब निपुत्रिक वारले तर दत्तक मंजूर करू नये आणि राज्य खालसा करावे, असे मत त्याने गव्हर्नर जनरल डलहौसीला आधीच कळवून ठेवले होते. ५ एप्रिल १८४८ रोजी आप्पासाहेब निवर्तले. दत्तक नाकारला गेला, सातारा खालसा झाला. १८५७ च्या उठावात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम याला साताऱ्यात फासावर चढवले गेले. स्वतः रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. ते कुठे गेले, याचा पत्ता कधीच लागला नाही.

हॉबहाउसला ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्या काळातील बहुतेक उदारमतवादी इंग्रजांची रीत हीच होती. ग्रीस हा त्यांना शाळेतल्या पुस्तकांतून ओळखीचा, म्हणून त्याची गुलामी डोळ्यांत खुपत होती. साताऱ्याचे कोणतेही पुस्तक त्यांनी लहानपणी वाचलेले नव्हते.

१८५१ मध्ये त्याला लॉर्ड ब्रॉटन ही पदवी मिळाली. मंत्रिपद सुटल्यावर त्याने जुन्या वह्या काढल्या आणि १८५५ साली आपले ग्रीस-अल्बानियाचे प्रवासवर्णन नव्याने छापले. १८६९ साली तो वारला. त्याच्या दैनंदिन्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बायरनचा संगमरवरी पुतळा थोरवाल्डसनने घडवला होता, पण कवीच्या चारित्र्यामुळे वेस्टमिन्स्टर ॲबीने तो नाकारला. हॉबहाउस त्यासाठी वर्षानुवर्षे झगडला, आणि अखेर तो पुतळा दोघांच्या महाविद्यालयात, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात, उभा राहिला.

या दोघांच्या मार्गाने आज जाणे अवघड नाही. यानिनाच्या सरोवरातील बेटावर अली पाशा मारला गेला तो मठ पाहता येतो. मिसोलोंगीच्या वीरोद्यानात बायरनचे स्मारक आहे. अथेन्समध्ये अक्रोपोलिसच्या पायथ्याशी २००९ साली उघडलेल्या संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर पार्थेनॉनचा शिल्पपट्ट मूळ क्रमाने मांडला आहे. लंडनला असलेल्या तुकड्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृती आहेत आणि अस्सल मधाळ संगमरवराशेजारी त्या लांबूनही ओळखू येतात. सुनिओनच्या अलीकडील लाव्ह्रिओ बंदरातून केआला जाणारी फेरीबोट तासाभरात बेटावर पोचते. अथेन्सचे लोक तिथे शनिवार-रविवारी पोहायला जातात.